डावी कड

त्या आठवड्यात माझ्या दादाचा उजवा डोळा जात होता आणि आम्ही सगळे लेन्सला शिव्या घालत होतो. हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत दडवून ठेवून कुणाला तोंडात बोट घालायला लावायची मला हौस नाही. शिवाय त्या आठवड्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि रागावलेल्या माणसाला गोष्ट रंगवून सांगता येत नाही.

दादा फोटोग्राफर. बाळांचे, वरातींचे फोटो काढणारा नव्हे. चित्रं, जुने नकाशे, दस्तऐवज यांचे हुबेहूब फोटो काढणारा. अख्खी गल्ली त्याला मिलिमीटर म्हणते. घरात खिळा ठोकायचा तर हा आधी फूटपट्टी शोधणार. भाजीवाल्यासमोर काकडी वाकडी आहे म्हणून उभा राहणार, तेव्हा वहिनीनं त्याला बाजारात न्यायचं कधीच सोडून दिलं. मी त्याची धाकटी बहीण. स्टुडिओतलं छपाईचं मशीन माझ्या ताब्यात. तो फोटो काढतो, मी छापते, आणि मग तो उजव्या डोळ्याला छोटं भिंग लावून, डावा डोळा गच्च मिटून, छापलेल्या कागदावर असा ओणवा होतो की वाटावं, आता कागद हुंगणार. पडद्यावर फोटो कितीही चांगला दिसो, त्याचा विश्वास नाही. मी सांगितलं तरी नाही. आयुष्यात त्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून एकही फोटो दिलेला नाही.

तर झालं असं, की आमचा जुना कॅमेरा ऐन वेळी बसला. शटर गेलं. तो कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलेलं, त्यामुळे दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले. कॅमेरा बदलायचा म्हणजे नुसता डबा बदलून भागत नाही. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सुखानं नांदत नाही. सगळा संसारच नवा मांडायचा, आणि एकदा मांडला की वर्षानुवर्षं त्यातच राहायचं.

आणि सोमवारी संग्रहालयाचं काम होतं. कापडावर रंगवलेला एक जुना नकाशा, भिंतभर मोठा. मंगळवारी तो उतरवून दुरुस्तीला जाणार होता. त्याआधी त्याचा असा फोटो हवा होता, की रंगाची प्रत्येक भेग, प्रत्येक पोपडा मोजता यावा. दुरुस्ती करणारे त्या फोटोवरूनच पुढं काम करणार होते. मधोमध स्वच्छ आणि कडेला धूसर असा फोटो त्यांच्या काहीच उपयोगाचा नव्हता. कडेला जे दिसणार नाही, ते दुरुस्तीत कायमचं जाणार.

कॅमेऱ्याच्या दुकानदारानं ओळखीवर दोन कंपन्यांचे दोन संच वापरून बघायला दिले. एक भला दांडगा, दुसरा सुटसुटीत. मी त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली, कारण दोघी एकाच घरात, एकाच पुरुषाच्या मर्जीसाठी येऊन बसलेल्या. दादाला हे आवडलं नाही. त्याला कामात चेष्टा आवडत नाही.

मी इंटरनेटवर बघून सांगितलं, "दादा, धाकटीच्या लेन्सला जास्त मार्क आहेत. घेऊन टाक आणि मोकळा हो."

"ते मार्क एकट्या लेन्सचे नसतात गं. लेन्स, तिच्यामागचा कॅमेरा, तपासणाऱ्याची पद्धत, सगळ्यांचे मिळून असतात. थोरलीला तिच्या कॅमेऱ्यावर तपासलंय, धाकटीला तिच्या. दोन वेगळ्या शाळांतल्या मुलींचे मार्क शेजारी ठेवून हुशार कोण ते ठरवशील का?"

"मग बघायचं कशाला ते?"

"त्याच शाळेतल्या दोघींमध्ये निवडायचं असेल तर बघायचं. आणि त्यांनी तपासली ती लेन्स वेगळी, आपल्या हातातली वेगळी. एकाच साच्यातल्या दोन लेन्स सारख्या नसतात. आपल्या हातातली आपणच तपासायची."

इथपर्यंत तो शंभर टक्के बरोबर होता, हे मी आजही मान्य करते.

मग स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर आम्ही वर्तमानपत्रांची पानं चिकटवली, छोट्या जाहिरातींची, कारण त्यातली अक्षरं मुंगीएवढी. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा, नाहीतर एक बाजू उगाच धूसर येते आणि दोष लेन्सच्या माथी बसतो. म्हणून भिंतीच्या मधोमध सपाट आरसा लावून, कॅमेऱ्यातून बघताना लेन्सला स्वतःचं तोंड बरोबर मधोमध दिसेपर्यंत दादा स्टँडशी झटापट करत राहिला. हात थरथरला तर फोटो सावरून घ्यायची सोय लेन्समध्ये असते, ती त्यानं बंद केली. स्टँडवर ती चालू राहिली तर लेन्स नसलेली थरथर शोधत स्वतःच हलते म्हणे. बटण बोटानं दाबायचं नाही, टायमर लावायचा. खोलीत कुणी चालायचं नाही. वहिनी चहा घेऊन आली तर तिला दारातच उभं केलं.

"श्वास घेतला तर चालेल का?" वहिनीनं विचारलं.

"हळू घे," दादा म्हणाला. तो गंमत करत नव्हता.

पहिले फोटो थोरलीचे. मी छापले. दादा भिंग लावून ओणवा झाला आणि बराच वेळ उठलाच नाही. मग म्हणाला, "डावी कड गेलीय."

मी बघितलं. डाव्या कडेला एका खोलीची जाहिरात होती, भाड्यानं देणे आहे, पाण्याची सोय चोवीस तास. मला पाण्याच्या सोयीसकट सगळं लख्ख दिसत होतं. तसं मी म्हटलं. दादा माझ्याकडे बघून हसला. छपाईतलं तुला कळतं, हे तुझं काम नव्हे, असा अर्थ असलेलं ते हसू मी लहानपणापासून ओळखते. माझं टाळकं सटकलं, पण मी मशीन पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कॅमेरा स्टँडवर उलटा टांगला. डोकं खाली, पाय वर. त्याची ही युक्ती खरंच चांगली आहे. लेन्सची डावी बाजू खराब असेल, तर कॅमेरा उलटा केल्यावर दोष उजवीकडे जायला हवा. फोटो काढले, मी छापले, त्यानं भिंग लावलं.

"अजून डावीकडेच."

"म्हणजे लेन्स चांगली आहे."

"म्हणजे भिंत खराब आहे," दादा म्हणाला.

मग भिंत तपासणं आलं. भिंतीवर लांब पट्टी ठेवून फुगवटा शोधला. सापडला नाही. डावीकडची पानं उजवीकडे, उजवीकडची डावीकडे लावली. पाण्याची सोय असलेली खोली आता उजव्या कडेला गेली आणि तिथं ती दादालाही दिसू लागली; पण डावीकडे आलेली जुन्या शिवणयंत्राची जाहिरात पाण्यात पडल्यासारखी दिसते म्हणाला. पाण्यात पडल्यासारखी, हेच शब्द.

त्यात आणखी भर पडली. थोरलीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याला डोळा लावतो त्या छोट्या खिडकीत, त्याला काळे ठिपके दिसू लागले. नव्या कोऱ्या कॅमेऱ्यात धूळ! फुंकणीनं फुंकलं, ब्रशनं झाडलं, ठिपके जाईनात. दुकानदाराला फोन करून त्याची यथेच्छ हजेरी घेतली. तो बिचारा माफी मागत होता. मग दादा म्हणायला लागला, की कोपऱ्यातला फ्लॅश मध्येच आपोआप चमकतो. मी म्हटलं, त्याची तर वायरच काढून ठेवलीय. तो म्हणाला, मग बाहेरून कुठून तरी उजेड येतोय, पडदा नीट लाव. मी पडदा लावला. माझ्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? ज्या माणसानं आयुष्यभर जगातलं सगळं वाकडं शोधून काढलं, त्याला जे वाकडं दिसतंय ते जगातच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

शुक्रवारी धाकटी स्टँडवर चढली. पुन्हा आरसा, पुन्हा टायमर, पुन्हा सगळ्यांनी श्वास धरायचा. छापलेला कागद बाहेर येताच दादानं तो ओढून घेतला. भिंग लावलं. लगेच काढलं. पुसलं. पुन्हा लावलं.

"हिचीपण डावीच."

दोन कंपन्या, दोन कॅमेरे, दोन लेन्स, आणि दोघींचा दोष एकाच बाजूला? सोमवार तोंडावर आला होता. हातात धड एकही कॅमेरा नव्हता. दादा डावा डोळा तसाच मिटलेला ठेवून खोलीत येरझाऱ्या घालू लागला आणि दाराच्या चौकटीला डाव्या खांद्यानं धडकला. "ही चौकट..." असं काहीतरी पुटपुटला. मग माझ्या मशीनसमोर येऊन थांबला.

"तुझं मशीन आहे," तो म्हणाला. "डावीकडे शाई पसरतेय."

आता मात्र माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मशीनला मी पोटच्या पोरासारखं सांभाळते. रोज पुसते, झाकून ठेवते. मी म्हटलं, "बस इथं. खुर्चीत बस. आत्ताच्या आत्ता दाखवते मशीनचा दोष."

कागद त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. "कुठली कड धूसर आहे?"

त्यानं भिंग लावलं. "ही. डावी."

मी कागद त्याच्या भिंगाखालून ओढला आणि उलटा फिरवून पुन्हा ठेवला. शाई पसरली असती तर कागदाबरोबर ती उजवीकडे जायला हवी होती. अक्षरं उलटी झाली, पण धूसर की स्वच्छ एवढं बघायला अक्षरं सुलटी लागत नाहीत. "आता?"

"डावी."

"मघाशी जी स्वच्छ होती, तीच कड आता डावीकडे आहे, दादा."

मी भिंग उचललं आणि कागदाच्या अगदी मधोमध ठेवलं, जिथं अडाण्यालासुद्धा दोष सापडला नसता. "आता बघ."

तो वाकला. बघत राहिला. त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. "डावीकडे..." तो म्हणाला आणि थांबला.

कॅमेरा उलटा केला होता. भिंत तपासली होती. पानं बदलली होती. लेन्स बदलली होती. आता कागदही फिरवून झाला होता. एकच गोष्ट आठवडाभर जागची हलली नव्हती, आणि ती आम्हा दोघांनाही एकाच क्षणी कळली. सगळा राग कुठल्या कुठं गेला.

"दादा, उजवा डोळा मीट. डाव्यानं बघ."

"माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय?" तो ओरडला. पण भिंग त्यानं टेबलावर ठेवलं.

वहिनी दारात उभी होती. केव्हापासून होती कोण जाणे. ती आत आली, त्याच्या मागं उभी राहिली आणि लहान मुलाचा डोळा झाकावा तसा आपल्या तळव्यानं तिनं त्याचा उजवा डोळा झाकला. "भिंतीकडे बघा."

"सगळं दिसतंय," तो म्हणाला. "अगदी व्यवस्थित."

मग तिनं हात बदलला आणि डावा डोळा झाकला. "अहो, बोला ना."

"डावीकडे पडदा आलाय," दादा हळू म्हणाला. "काळपट. तू परवा लावलास ना गं छोटे, तसा." आणि मग, आम्ही दोघी काही बोलायच्या आत, एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे. म्हणजे दोन्ही लेन्स चांगल्या आहेत. मी डाव्या डोळ्यानं तपासतो. सोमवारचं काम उरकलं की जाऊ दाखवायला."

आणि तो खरंच उठला. स्टँडकडे गेला आणि कॅमेऱ्याला डावा डोळा लावायला लागला. नाक मध्ये आलं, हात कुठं ठेवायचा ते सुचेना, आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा हातात धरल्यासारखा धडपडत राहिला. मी रडायला लागले. वहिनी नाही रडली. ती सरळ दाराजवळच्या खांबाकडे गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले, माझं मशीन गेलं, सगळा स्टुडिओ अंधारात.

"आता काढा काय काढायचे ते फोटो," ती म्हणाली. "आणि जमत नसेल तर चपला घाला."

डोळ्यांच्या दवाखान्यात रांग होती. वहिनीनं रांगेची पर्वा केली नाही. तिनं नर्सला काय सांगितलं माहीत नाही, पण आम्हाला आत घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. थेंब घातले, डोळ्याची बाहुली मोठी व्हायची वाट बघितली आणि कपाळाला दिवा बांधून दादाच्या डोळ्यात बघू लागल्या. असं ओणवं होऊन तपासायची पद्धत दादाला स्वतःचीच वाटली असावी. तो अजिबात हलला नाही.

"विजा चमकल्यासारखं होत होतं का? कडेला?"

"आमचा फ्लॅश खराब..." दादा म्हणाला आणि गप्प झाला.

"काळे ठिपके?"

"ती धूळ आहे. कॅमेऱ्यात." हे वाक्य त्यानं पुरं केलं, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

बाईंनी दिवा विझवला. "डोळ्याच्या मागचा पडदा सुटतोय. भिंतीला ओल लागली की रंगाचा पापुद्रा सुटत जातो ना, तसा कडेकडून सुटत आत आलाय. मधला भाग अजून चिकटलेला दिसतो, पण सुटलेली कड त्याला जवळजवळ टेकलीय. बारीक अक्षर वाचता ते त्या मधल्या भागानं. तो सुटायच्या आत ऑपरेशन करायला हवं. आज."

"मला सोमवारी एक काम आहे. फार महत्त्वाचं. मंगळवारी सकाळी मी स्वतःहून..."

"मंगळवारी या," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी असेन. डोळा असेल की नाही ते सांगता येत नाही."

दादानं वहिनीकडे बघितलं. मग माझ्याकडे. दोन्ही डोळ्यांनी बघत होता, तरी मला वाटलं, तो मला डाव्यानंच बघतोय. "संग्रहालयाला काय सांगायचं?" त्यानं विचारलं. त्या आवाजात इतकी लाज होती की मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली.

"काही सांगायचं नाही," मी म्हटलं. "मी जाते."

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा वहिनी आणि मी बाकावर बसलो होतो. दार उघडलं की आम्ही दोघी उठायचो, आणि दरवेळी दुसऱ्याच कुणाचा तरी माणूस बाहेर यायचा. वहिनी एकदाच बोलली. "त्यांनी मला काकडीवरून इतकं छळलं," ती म्हणाली, "आणि स्वतःचं त्यांना दिसलं नाही." मला हसू आलं, आणि हसताना लक्षात आलं की आपले दात वाजतायत.

शेवटी बाई बाहेर आल्या. पडदा जागेवर बसवलाय, म्हणाल्या. आतमध्ये हवेचा बुडबुडा भरलाय, तो पडद्याला दाबून धरेल. पण बुडबुडा वरच चढतो, म्हणून पेशंटनं सतत पालथं, तोंड खाली करून राहायचं. जेवतानासुद्धा मान खाली. मधल्या भागाला किंचित ओढ बसली होती. नजर किती परत येते ते काही आठवड्यांनीच कळेल, आणि सरळ रेषा सरळ दिसतील याची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या.

सोमवारी मी थोरली आणि धाकटी दोघींना घेऊन संग्रहालयात गेले. माझी भीतीनं गाळण उडाली होती, पण एक शहाणपणा मी केला. वर्तमानपत्राची भिंत विसरले आणि नकाशावरच तपासायचं ठरवलं. ज्या अंतरावरून, ज्या उजेडात खरा फोटो काढायचा तिथूनच. सकाळी दोघींचे फोटो काढले, धावत स्टुडिओत येऊन छापले, कुठला कुणाचा ते माझं मलाच कळू नये म्हणून कागद पिसले आणि मग बघायला बसले. दोघींच्याही डाव्या कडा स्वच्छ होत्या. पण काही फोटोंत वरचा उजवा कोपरा सतत मऊ, म्हणजे किंचित धूसर, येत होता. कागद फिरवला की तो दोषही फिरत होता, म्हणजे माझ्या डोळ्यांत नव्हता. कागदांच्या मागं मी नावं लिहिली होती ती बघितली, तर ते सगळे थोरलीचे निघाले. आठवडाभर आम्ही डावीकडे डोळे फोडत बसलो होतो आणि तिचा खरा दोष उजवीकडे आरामात बसला होता. मी परत जाऊन नकाशाचं सगळं काम धाकटीवर केलं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. दादा पालथा पडला होता, पलंगाला आणि गादीला उशाशी तोंडासाठी आरपार भोक, त्यातून त्याचा चेहरा जमिनीकडे. त्याच्याशी बोलायचं तर एकच उपाय होता. मी फरशीवर उताणी झोपले आणि सरकत पलंगाखाली गेले. वर त्याचा चेहरा, सुजलेला, एका डोळ्यावर पांढरी पट्टी.

"कुठली घेतलीस?"

"धाकटी."

"कशावरून?" आवाज लगेच चढला. "मी थोरलीकडे झुकलो होतो. तिचं मधलं जास्त चांगलं आहे."

"तिचा वरचा उजवा कोपरा मऊ आहे."

"असं कसं होईल? मला दिसला असता."

फोटोंची पाकिटं माझ्या पोटावर होती. एक कागद काढून त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर धरता आला असता. खिशात त्याचं भिंगही होतं. तो कागद मागेल याची मी वाट बघत राहिले. तो बराच वेळ फरशीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत होता.

"कागद फिरवून बघितलास?"

"बघितला."

"दोष फिरला?"

"फिरला."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला. "देऊन टाक त्यांना."

माझ्या गालावर वरून एक थेंब पडला, कोमट. मग आणखी एक. त्याला पुसता येत नव्हतं, मान वर करायची नव्हती. मी हात वर करून त्याचा डावा डोळा ओढणीच्या टोकानं पुसला आणि मग तशीच पडून राहिले, नर्स येऊन मला बाहेर काढेपर्यंत.